उभी मिरची उपटायची की कोबीची रोपं थांबवायची? बेळगावकडच्या भाजीच्या रानाचा हंगाम पालटताना

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वरच्या अंगाला एक एकर लाल माती. त्यात मे महिन्यात लावलेली १५ गुंठे मिरची, १० गुंठे वांगी आणि बटाटा काढून मोकळं झालेलं १५ गुंठे रान. खाली नाल्याकडे एक एकर काळं रान, त्यात १५ गुंठे दोडक्याचा मांडव, १० गुंठे भेंडी, उरलेलं भात. रोपवाटिकेत ५,००० कोबी आणि ३,००० फ्लॉवर सांगून ठेवलंय आणि ते आठ दिवसांत तयार होतंय. पूर्वा नक्षत्र (सप्टेंबरचा पहिला पंधरवडा) चालू आहे, पाऊस उघडत नाही. मिरची-भेंडीची तोडणी अजून होते, म्हणून उपटायला हात धजत नाही. आणि तुम्ही विचारताय, "कोणतं पीक कोणत्या तारखेला लावू?"

तारखांचा तक्ता मी देऊ शकतो, पण त्याचा तुम्हाला उपयोग होणार नाही. तुमची खरी अडचण वेगळी आहे. जुनं पीक अजून चार पैसे देतंय, नवं पीक दारात येऊन उभं आहे, आणि मधे ओलं रान आहे. तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात सोडवायला निघालात तर तिन्ही बिघडतील. मी बेळगावजवळच्या कडोलीच्या बाजूला २७ वर्षं भाजी करतोय. दरवर्षी या दीड महिन्यात माझी जेवढी चिडचिड होते तेवढी ऐन एप्रिलच्या उन्हातही होत नाही.

आधी एक गैरसमज काढतो. व्हिडिओत बघून आपण धरून चालतो की उन्हाळा संपला की हळूहळू थंडी येते आणि थंडीची पिकं लावायची. आपल्याकडे तसं होत नाही. बेळगावात जुलै-ऑगस्टात दिवसाचं तापमान २५-२६ अंशांच्या आसपास असतं आणि ऑक्टोबरात ते ३० च्या घरात जातं. म्हणजे तुम्ही आज लावलेलं रोप आधी ओल्या गारव्यात, मग ऑक्टोबरच्या उन्हात आणि त्यानंतर खऱ्या थंडीत जाणार. आपल्याकडे हंगाम पालटतो तो आधी पाण्याचा. आज पाणी बाहेर कसं काढायचं याची काळजी, आणि चित्रा नक्षत्र (ऑक्टोबरचा मध्य) संपेपर्यंत पाणी द्यायचं कुठून याची. त्यामुळे मी कॅलेंडर नंतर बघतो, आधी जमिनीत हात घालतो.

वाफसा, म्हणजे रानात काम करता येईल एवढीच ओल, कसा ओळखायचा हे बहुतेकांना माहीत असतं, तरी सांगतो, कारण घाईत तोच विसरला जातो. वरची माती बघू नका, ती वाऱ्याने अर्ध्या दिवसात सुकते आणि फसवते. वीतभर खालची मूठभर माती घ्या, दाबून लाडू करा आणि छातीच्या उंचीवरून सोडा. फुटून विखुरला तर रान तयार. चपटा होऊन पडला, किंवा अंगठ्याने दाबल्यावर मातीची फीत निघाली, तर घरी जाऊन चहा प्या. तुमच्या लाल रानात पाऊस उघडल्यावर दोन-तीन दिवसांत वाफसा येईल. खालच्या काळ्या रानाला आठ-दहा दिवसही लागतील, नाल्याचं पाणी चढलं असेल तर त्याहून जास्त.

एका वर्षी मी हे ऐकलं नाही. उत्तरा नक्षत्रात (सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा) चार दिवस ऊन पडलं, ट्रॅक्टरवाला शेजारच्या रानात आला होता, पुन्हा मिळेल न मिळेल म्हणून काळ्या रानात नांगर घातला. चकाकणारी ढेकळं निघाली, नारळाएवढी, आणि सुकल्यावर दगड झाली. संक्रांतीपर्यंत ती फुटली नाहीत. रोपांच्या मुळाशी माती बसेना, पाणी ढेकळांच्या मधून निघून जाई. ट्रॅक्टरचं भाडं वाचवायला गेलो आणि अख्खा हंगाम घालवला. म्हणून सांगतो, तुमचं खालचं रान आत्ता विसरून जा. तिथे फक्त चर मोकळे ठेवा, पाणी तुंबू देऊ नका, भेंडी-दोडक्याची तोडणी चालू द्या.

आता वरच्या रानाकडे येऊ. बटाटा काढलेली १५ गुंठे हीच तुमची पहिली जागा. काढणीत माती आपोआप भुसभुशीत झालेली असते, बटाट्याला घातलेल्या खताचा थोडा अंश शिल्लक असतो, आणि कोबीचं कूळ वेगळं असल्यामुळे बटाट्याचे रोग त्याला लागत नाहीत. तिथे टोमॅटो किंवा मिरची मात्र चुकूनही लावू नका. बटाटा, टोमॅटो, मिरची, वांगी ही सगळी एकाच घरातली भावंडं. एकाचे मर आणि करपा हे रोग दुसऱ्याला वारशाने मिळतात. लाल मातीत तर मर रोग वर्षानुवर्षं टिकतो. रानात राहिलेले बारके बटाटे उगवून आले असतील तर तेही वेचून टाका.

४५ बाय ४५ सेंटीमीटरवर लावलीत तर ५,००० कोबीला साधारण १० गुंठे लागतात. फ्लॉवर मी ६० बाय ४५ वर लावतो, त्याला पान पसरायला जागा हवी. त्या हिशोबाने ३,००० रोपांना ८ गुंठे. म्हणजे तुम्हाला १८ गुंठे हवीत आणि मोकळी आहेत १५. उरलेल्या ३ गुंठ्यांसाठीच तुम्ही मिरचीकडे बघताय, बरोबर? तर अख्खी मिरची काढायची गरज नाही. मिरचीत पाणी साचून पिवळी पडलेली, किंवा बोकड्या रोगाने पानं आकसलेली एखादी पट्टी असणारच. तेवढीच काढा.

आता मनाला लागणारा भाग, चालतं पीक उपटण्याचा. आमच्याकडची म्हातारी माणसं फळ धरलेल्या झाडाला हात लावायला तयार नसतात आणि माझंही मन सहज होत नाही. पण मी एक साधा हिशोब धरतो. तोडणीच्या बायकांची हजेरी, गाडीभाडं, अडत वजा करून त्या दिवशी हातात काय उरलं ते वहीत लिहितो. सलग तीन तोडण्यांना आकडा उतरला आणि हजेरी निम्म्याहून जास्त खाऊ लागली की त्या पिकाचे दिवस भरले. चतुर्थीच्या आधी गोव्याच्या गाड्या भरतात तेव्हा भाव असतो म्हणून हा आकडा फसवतो. चतुर्थी संपल्यानंतरच्या तोडण्या धरून बघा.

दुसरं कारण पैशाच्या हिशोबात दिसत नाही. पाऊस चालू असतो तोवर फुलकिडे आणि कोळी धुऊन जातात, पांढरी माशीही दबून असते. पाऊस थांबून ऊन पडलं की दहा-पंधरा दिवसांत त्यांची संख्या भराभर वाढते, आणि त्यांचं बिऱ्हाड असतं तुमच्या जुन्या मिरचीत आणि भेंडीत. शेजारी नवा टोमॅटो किंवा नवी मिरची लावलीत तर सगळा कुटुंबकबिला तिकडे मुक्कामाला जातो. कोबीला याचा त्रास कमी, म्हणून कोबी जुन्या मिरचीशेजारी चालतो. पण ज्या बाजूला पुढे टोमॅटो लावायचा विचार असेल तिथली रोगट झाडं हस्त नक्षत्राच्या (सप्टेंबरअखेर) आत बाहेर गेली पाहिजेत. उपटून बांधावर टाकू नका, खड्ड्यात पुरा किंवा वाळवून जाळा.

सगळंच उपटायचं असंही नाही. वांग्याला मी सहसा हात लावत नाही. पाऊस ओसरल्यावर फूट-दीड फुटावर छाटणी करून, शेणखताची भर देऊन खोडवा धरला की थंडीत पुन्हा चांगली फळं येतात. अट एकच, झाड निरोगी हवं, आतून पोखरलेले शेंडे नसावेत. दोडक्याचे वेल वाळले की बुंध्याशी कापा, मांडव तसाच ठेवा. तो उभा करायला किती मजूर लागले होते आठवा. त्याच्या पायथ्याशी वेलीचा घेवडा टोचला की बांबू-तारेचं भाडं दुसऱ्यांदा वसूल होतं. फक्त खाली पडलेले सडके दोडके गोळा करून पुरा, त्यात फळमाशीच्या अळ्या असतात. भेंडी केवडा रोगाने पिवळी पडली असेल तर दया दाखवू नका.

आता रोपं. इथे माझी दुसरी फजिती सांगतो. एका साली दसऱ्यापर्यंत मिरचीचा भाव चढत गेला आणि मी मिरची काढली नाही. कोबीचा तरू (रोपं) ट्रेमध्ये थांबला, २५ दिवसांचा ४५ दिवसांचा झाला. लांबुडकी, खोड कडक झालेली रोपं लावली. गड्डे मुठीएवढे भरले आणि फ्लॉवरची तर बटणं झाली, चहाच्या बशीत मावतील एवढी. मिरचीने जे दिलं ते कोबीने परत घेतलं. ट्रेमधलं कोबी-फ्लॉवरचं रोप २५ ते ३० दिवसांचं, चार-पाच पानांचं असताना जमिनीत गेलं पाहिजे. चार-पाच दिवस इकडेतिकडे चालतं. पाऊस हटत नसेल तर रोपवाटिकेतून ट्रे घरी आणा, पाणी थोडं कमी करा, सावलीतून उघड्यावर ठेवा. रोप काटक होतं आणि वाढ जरा थांबते. पण याने मिळतो तो आठवडा, महिना नव्हे.

ओल्या रानात लावायचंच झालं तर लाल मातीत गादीवाफे करा, वीतभर उंच. सरीतून पाणी निघून गेलं की झालं. लावण दुपारनंतर करा. पानं ओली असताना कोबीत माणसं घालू नका, घाण्या रोग हातापायांनी आणि कपड्यांनी पसरतो. पानाच्या कडेला पिवळा इंग्रजी व्ही आणि आत काळ्या शिरा दिसल्या की ते पान काढून रानाबाहेर न्या.

फ्लॉवरबद्दल एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण सगळ्यात महत्त्वाचा तोच. जात कोणती आहे? रोपवाटिकेत फोन करून पाकिटावरचं नाव विचारा, आणि ती लवकरची, मधली की उशिराची हे बियाणे दुकानात खात्री करून घ्या. कोबी बराच समजूतदार असतो. फ्लॉवरच्या प्रत्येक जातीचा गड्डा धरायचा स्वतःचा गारवा ठरलेला असतो. लवकरच्या जाती २० ते २७ अंशांतही गड्डा धरतात. उशिराच्या जातींना १० ते १६ अंशांचा गारवा लागतो. तुमची रोपं सप्टेंबरच्या मध्याला जमिनीत गेली तर गड्डा धरायची वेळ नोव्हेंबरात येते, तेव्हा आपल्याकडे तेवढी थंडी नसते. उशिराची जात असेल तर ती नुसती पानं काढत बसेल. उलट, लवकरची जात नोव्हेंबरात लावली तर झाड वाढायच्या आधीच बटण धरतं. दोन्ही वेळा लोक खताला किंवा औषधाला शिव्या देतात. चूक पाकीट उघडतानाच झालेली असते.

लाल मातीत फ्लॉवर करताय म्हणून आणखी एक. आपल्या पश्चिमेकडच्या मातीतून पावसाळ्यात बरंच काही वाहून जातं आणि माती आंबट होते. त्यात पहिला फटका बसतो बोरॉनला. गड्ड्यावर तपकिरी डाग, देठ कापलं की आत पोकळ, हे त्याचं लक्षण. मी एकरी ४ किलो बोरॅक्स धरतो, म्हणजे १० गुंठ्यांना १ किलो, चाळलेल्या शेणखतात मिसळून लावणीआधी. दुप्पट टाकलं तर दुप्पट फायदा होत नाही, बोरॉन जास्त झालं की तेच विष. पानाचं पातं झडून नुसती मधली शीर चाबकासारखी उरली तर ते मॉलिब्डेनमचं काम, आणि त्याचा मूळ इलाज म्हणजे चुना. पण चुना लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत जायला हवा, तुमच्याकडे आठच दिवस आहेत. यंदा राहू द्या. पुढच्या उन्हाळ्यात माती तपासून घ्या आणि मगच किती घालायचा ते ठरवा. रयत संपर्क केंद्रात (सरकारी शेतकरी मदत केंद्र) चौकशी करा, मत्तीकोपच्या कृषी विज्ञान केंद्रालाही विचारता येईल. अहवाल कन्नडमध्ये आला तर घाबरू नका, 'सुण्ण' लिहिलेलं असेल तो आपला चुना.

किडीपैकी चौकोनी ठिपक्याच्या पतंगाचं बघा. दर २५ ओळी कोबीला दोन ओळी मोहरी लावायची पद्धत जुनी आहे आणि चालते. पतंग अंडी घालायला मोहरीकडे जातो. एक ओळ कोबीच्या १५ दिवस आधी, दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनी पेरायची. तुमची आधीची ओळ हुकली आहे, तरी आजच बांधाच्या कडेने मूठभर मोहरी टाकून द्या. फवारायची झाली तर मोहरीवर आधी.

इतकं बोलल्यावर क्रम एकदा लावून देतो. या आठवड्यात बटाट्याच्या रानात गादीवाफे आणि मिरचीतली रोगट पट्टी साफ. उत्तरा नक्षत्रात वाफसा मिळेल त्या दिवशी कोबी, मागोमाग फ्लॉवर. हस्ताचा पाऊस बघून खालची भेंडी काढायची. चित्रात काळ्या रानाला वाफसा आला की तिथे दुसरी खेप. परतीचा पाऊस लांबला तर हे सगळं दहा-पंधरा दिवस पुढे सरकेल, त्याला इलाज नाही.

दुसरी खेप म्हणजे काय ते सांगायचं राहिलं. तुम्ही ८,००० रोपं एकाच वेळी टाकायला सांगितलीत, ते माझ्या मते चुकलं. संकरित कोबी लावणीपासून ६५ ते ७५ दिवसांत येतो आणि सगळा एकाच आठवड्यात फुटायला लागतो. त्याच आठवड्यात आमच्या भागातले सगळे शेतकरी कोबी घेऊन बाजारात उभे असतात. मी आता १० गुंठ्यांच्या खेपा करतो, दर १५ दिवसांनी एक. तेवढ्या जागेला ९८ खणांचे ५५ ट्रे पुरतात, मर-तूट धरून. एका खेपेला भाव पडला तर दुसरीला सावरतो. नाताळाच्या आधी गोव्यात पर्यटकांची गर्दी वाढते आणि चोर्ला घाटातून जाणाऱ्या भाजीच्या गाड्याही वाढतात. त्यासाठी ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लावलेली खेप उपयोगी पडते. भाव मिळेलच असं मी म्हणत नाही, पण सगळी अंडी एकाच कोंबडीखाली नसतात.

मजुरांचंही आत्ताच बोलून ठेवा. सप्टेंबरच्या शेवटाला सोयाबीनची काढणी सुरू होते, मागोमाग भातकापणी. तुमची भांगलण (तण काढणं) नेमकी तेव्हाच येईल आणि बायका मिळणार नाहीत. मी लावणीनंतर तिसऱ्या आठवड्यात एक भांगलण काहीही करून उरकतो, मग गड्डा भरेपर्यंत कोबीची पानंच तणाला दाबतात. कोबीच्या वाफ्याच्या कडेला मेथी किंवा मुळा टाकलात तर तो महिना-दीड महिन्यात निघून जातो आणि त्याच पैशात भांगलण निघते. कोथिंबिरीची मात्र घाई नको. हस्ताच्या सरी तिला झोपवतात, कुजते. वाटाणा आणि गाजरही ऑक्टोबर उलटेपर्यंत थांबू द्या. उन्हात वाटाण्याची फुलं गळतात आणि गाजराला रंग धरत नाही.

भात कापून मोकळ्या होणाऱ्या १५ गुंठ्यांत पाण्याची भाजी घालू नये असं मला वाटतं. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या काळ्या रानात भातामागे मसूर करतात ते उगाच नाही. भाताने सोडलेल्या ओलीवर मसूर येतो, पाणी मागत नाही, आणि पुढच्या पिकाला जमीनही बरी राहते. हरभराही चालेल.

पाण्याचा हिशोब शेवटी ठेवला, कारण आत्ता चिखलात उभं राहून तो कुणाला पटत नाही. पाऊस गेल्यावर कोरड्या उन्हात भरल्या पिकातून दिवसाला ४ मिलिमीटर पाणी उडतं असं धरा. एका एकराला ते १६,००० लिटर होतं, रोजचं. रोपं लहान असताना एवढं लागत नाही, म्हणून ऑक्टोबरात विहीर तुडुंब दिसते आणि आपण दोन एकर लावून बसतो. गड्डे भरायला लागतात डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा बोअर दम टाकतं. रब्बीची भाजी किती एकर करायची हे मी ऑक्टोबरच्या पाण्यावर ठरवत नाही, मागच्या फेब्रुवारीत मोटर किती तास चालली होती त्यावर ठरवतो.

तुम्ही टोमॅटोचंही विचारलंय. आत्ता ढगाळ गार हवेत करपा मोकाट सुटतो, त्यामुळे पाऊस पुरता उघडल्याशिवाय टोमॅटो लावू नका एवढंच आज सांगतो. लावायचा की नाही, आणि लावला तर किती, हे पाण्यावर आहे. तुमच्या विहिरीला किंवा बोअरला फेब्रुवारीत किती तास पाणी असतं, ठिबक आहे की पाट, हे प्रश्नात आलेलं नाही. ते कळवा, मग टोमॅटोचं बोलू.